छतावरचं डांबर जाते कुठं?

तुम्ही हसाल, पण तेव्हा माझं डोकंच चालेना. भिलाईचा कारखाना उभा होत होता. मशिनी ज्यातून आल्या, तो जुना लोखंडी कंटेनर घेऊन मी पावर हाउसच्या बाजारात गुळाचं दुकान थाटलं. छताला भोकं होती. मिस्तरी त्यांवर डांबर थापून जायचा, तरी अवकाळी सर आली की गूळ ओला!

"मिस्तरी, डांबर जाते कुठं?"

"मलेच समजून नाही राहिलं, शेटजी."

एक दिवस मागे शिडी लावलेली दिसली, म्हणून वर चढलो. कुरड्या वाळत घालायला जागा करावी म्हणून बायको खुरप्यानं डांबर खरवडत होती.

"अवं, खाली गूळ भिजून राहिला!"

"भिजला गूळ पाकाले चालते. डांबराची कुरडई कोण खाईन?"