तिच्या दंडावरची कातडी

—नाही, त्या स्टुलावर नाही. उभेच राहा, सही करायला बसावं लागत नाही. बघू तो कागद... ‘वडील या नात्याने मुलीच्या पेशी नष्ट करण्याची विनंती’ — वडील! सोळा वर्षांनी बरं आठवलं नातं. तिची आई गेली तेव्हा कुठे होतात? आणि मागच्या वर्षी ती स्वतः गेली तेव्हा? — जाऊ दे, मला काय करायचंय. मी इथली तंत्रज्ञ. पेशी वाढवणं माझं काम, लोकांच्या घरच्या भानगडी नव्हेत.

पण काय मारायला निघालात ते तरी बघून घ्या. लावा डोळा सूक्ष्मदर्शकाला — टेबल हलवू नका! दिसतंय? आकसतंय, सैल पडतंय, परत आकसतंय — तिचंच आहे ते. जन्मापासून हृदयाचा स्नायू दुबळा, म्हणून आपण होऊन संशोधनासाठी दंडावरची कातडी दिली तिनं, मसुराच्या दाण्याएवढी. तुमच्यासारख्याला नाही कळायचं, तरी सांगते — कातडीच्या पेशी आम्ही मागे नेल्या, पार मूळपेशी होईपर्यंत, मग हळूहळू पुढे आणल्या. सहाव्या दिवशी त्या मधेच असतात, हृदयाचा स्नायू व्हायचं की रक्तवाहिनी, काही ठरलेलं नसतं. नवव्या दिवशी धडधडतात. रोज जुना द्रव काढायचा, नवा घालायचा — रविवार नाही, आजारपण नाही. चुकलं की मेल्याच. माझं चुकलं एकदा, अख्खी खेप गेली. साहेब ओरडले. काय सांगू त्यांना — तिला स्मशानात पोचवायला गेले होते म्हणून?

हो, मीच गेले होते! दुसरं होतं कोण? शेवटचे अकरा महिने माझ्याकडेच राहायची ती. तपासणीला एकटी यायची, जिन्यात तीनदा थांबायची. म्हटलं चल, माझं घर तळमजल्यावर आहे. मावशी म्हणायची मला. इथे येऊन बघायची आणि हसायची — ‘मावशी, माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त दम आहे गं.’

काय? फोन केला होता? माहितीये. दोनदा केलात. ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला ना बाईनं? — ती बाई मीच. ती आत झोपली होती, कशाला उठवू? तुमचा नंबर लिहून ठेवला होता मी, जरा बरं वाटलं तिला की देऊ म्हणून... बरं वाटलंच नाही. एकदा तिनंच विचारलं — ‘मावशी, बाबांचा कधी फोन आलाच तर...’ मी म्हटलं, आला की सांगते. दुसऱ्या फोननंतर म्हटलं हे मी. आला की सांगते!

असे बघू नका माझ्याकडे. तुम्हाला तो हक्क नाही. करा सही, मी स्वतः ब्लीच ओतते, वीस मिनिटांत सगळं संपेल — अहो, घडी कशाला घालताय कागदाची? खिशात कशाला? उपकार नकोत मला तुमचे! बोला काहीतरी. शिव्या द्या... दाराकडे कुठे वळलात?

मग निघा. दार ओढून घ्या.