बिनक्लचची गाडी

तुम्हाला सांगते, लढाईच्या दिवसांत धाकटे दीर सीमेवर होते, म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. उद्यापनाला गावाबाहेर नदीकाठी, ग्वारीघाटच्या महादेवावर दुधाचा अभिषेक करायचा होता आणि नेमकी त्या दिवशी बस मिळेना. आमचे हे फॅक्टरीत नवे ट्रक चालवून पाहायचे. त्यांच्या साहेबांनी त्या दिवसापुरती आपली विलायती गाडीच देऊन टाकली. म्हणाले, "भाभीजी को ले जाओ. इसमें गियर अपने आप बदलता है, क्लच है ही नहीं."

मी दुधाचा गडवा मांडीवर धरून बसले. गाडीनं जरा वेग घेतला की ह्यांचा हात गेअरच्या दांड्यावर जायचा, अन् डावा पाय क्लच समजून जोरात ब्रेकवर! मी पुढे आणि दूध माझ्या लुगड्यावर.

"अहो, काहून गेअर बदलून राहिले?"

"मी कुठं? हा पायच ऐकत नाही."

वाटेतला गोरखपूर मोहल्ला येईस्तोवर गडवा अर्धा झाला. मला रडूच आलं. म्हटलं, "तो डावा पाय मुडपून वर घ्या बरं, पूजेला बसता तसा!"

त्यांनी निमूट पाय वर घेतला, अन् गाडी पालखीसारखी निघाली. उरलेलं दूध महादेवाला पोचलं. पुढे दीरही सुखरूप आले.

त्याच सांजेला गाडी परत द्यायला गेलो तर साहेब फाटकातच उभे. "अरे भाई, ऐसे पैर मोड़कर कौन गाड़ी चलाता है?"

हे हात जोडून म्हणाले, "साहब, आज इस पैर का उपवास है."