डब्यावरची सुगंधाबाई

—नाही अक्का, झाकण लावा परत, चाखून काय बघायचं मी. फोटो माझाच शे, नाही कशाला म्हणू — सुगंधाबाई, साक्री, गावरान टमाटे, बठ्ठं बरोबर छापलंय. पण आतले टमाटे माझे नाहीत. तुम्ही इथल्या बाजारात माझ्या टोपलीतून न्यायच्या, धनकुंवरअक्का, शेव-टमाट्याच्या भाजीला. बाकीच्या बाया दाबून बघायच्या, तुम्ही वास घ्यायच्या, म्हणून लक्षात राहिलात. मग धुळ्याला राहायला गेल्या. आता तिथल्या मोठ्या दुकानात माझं तोंड दिसलं, भरवशानं डबा उचलला, अन् भाजीत निघालं नुसतं पाणी — तुमचं काय चुकलं त्यात. एवढ्या उन्हात एस्टीनं आल्या, त्याचंच वाईट वाटतं.

बसा ना. पाणी घ्या. माझे नाहीत म्हटलं मी, तर तेही पूर्ण खरं नाही — लावले मीच. हे समोरचं वावर, तारेला वेल बांधलेत ना, तेच. बी मात्र कंपनीचं. फोटो काढायला आले तेव्हा हातात माझेच टमाटे होते, चपटे, घड्या पडलेले, देठापाशी हिरवे. हसा मावशी म्हणे, मी हसली. मग पहिली गाडी धुळ्याला गेली तर निम्मे वाटेतच फुटले — फुटणारच, पातळ सालीचे, टोपलीतून डोक्यावर जायचे ते, गाडीत कधी बसले होते. तर म्हणे आता आमचं बी लावा, नाव तुमचंच राहील, पण दुसरं रोप दारात नको, बाजारात बसायचं नाही. दिला अंगठा. का दिला? फोटोपायी दिला, खरं सांगते. माझा म्हणून फोटो कोणी काढला होता कधी — लग्नातही नाही. भिंतीला लावला मी तो, आल्यागेल्याला दाखवला.

आता सोडते म्हटलं तर सुटतं कुठं — कंपनीनं तपासणीला ठेवलंय कोणाला, तर माझ्याच पोराला, अभिमनला. रोज आईचं वावर बघतो. बुडाशी जरा लाली आली की तोडायला लावतो. अरे, दोन दिवस वेलावर पिकू दे, म्हटलं, तर म्हणे, आई, माझी नोकरी घालवशील. गेल्या साली न्हाणीमागं माझ्या जुन्या टमाट्याचं एक रोप आपसूक उगवलं होतं, आंघोळीच्या पाण्यावर — फूल धरलं होतं त्यानं. अभिमननं उपटलं. माझ्यादेखत. तेव्हापासून तो जेवायला बसला की मी चुलीकडं तोंड करून बसते. आई-लेकाचं असं असतं का अक्का? अन् त्याला तरी काय म्हणू, सून पोटुशी, कुठं जाईल तो.

बी? नाही हो, बी कुठलं आता — सगळं गेलं.

...तुमच्याकडं गच्ची शे ना? ऊन येतं? थांबा. हे घ्या, चिंधीत बांधलंय, राखेत घोळून ठेवलं होतं. मूठभर नाही, चिमूटभर शे. पण माझ्या सासूच्या हातचं चालत आलेलं शे. अर्धं नको, बठ्ठं न्या. घरात राहिलं की माझा हात शिवशिवतो, पेरून बसेन कुठंतरी, अन् मग परत त्यालाच उपटावं लागेल. पिकले की मला पाठवूही नका. तुम्ही खा, वास घ्या, झालं. लावताना फार खोल—

फटफटी वाजली का हो? पदराआड घ्या ते. घ्या लवकर.

उना का रे अभिमन? काही नही, ह्या अक्का धुळ्याच्या, जुन्या वळखीच्या. आपले टमाटे आवडले म्हणून सांगायला आल्या एवढ्या लांब. सांगा ना अक्का, कसे लागले ते. सांगा की.

...लाजतात त्या. गोड लागले म्हणत होत्या आत्ता. निघा तुम्ही अक्का, फाट्यावरची एस्टी कोणासाठी थांबत नाही.