भाऊजींची बंद पडणारी बोट

कापसानं सलग दोन वर्षं दगा दिल्यावर आमच्या धाकट्या भाऊजींनी काय करावं? बोट घेतली! दिग्रसजवळच्या धरणात लोकांना फिरवायला. दोरी धरून पाण्यावर घसरायच्या खेळासाठी कुण्या शहरवाल्यानं आणलेली, जुनी, पोटात इंजिन असलेली.

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून आदल्या दिवशी चाचणीला मला आणि माझ्या सात महिन्यांच्या बाळाला बसवलं. दहा मिनिटं झकास, मग इंजिन बंद. थोडं थांबून सुरू केलं, पुन्हा बंद. भाऊजी प्लग पुसत होते, मी काठ किती लांब आहे ते बघत होते.

"वयनी, पोराले दूध द्या, लय रडून राह्यलं."

बाटली तोंडात दिली, तर निप्पल चपटं होऊन दूध अडलं. झाकण जरा ढिलं केलं, हवा आत गेली, बाळ पिऊ लागलं.

"भाऊजी, टाकीचं झाकण ढिलं करून बघा बरं."

"कायले?"

"आत हवा जात नसेल."

झाकण फुस्स करून सुटलं आणि इंजिन थेट काठापर्यंत चाललं. आपलं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही, असं मला वाटलं.

काठावर भाऊजींनी झाकण निरखलं. हवेच्या छिद्रावर चिकटपट्टी होती.

"सकाळी मीच लावली," मी पुटपुटले. "बाळाला पेट्रोलचा वास बाधेल म्हणून."

भाऊजी हसत खालीच बसले. "वयनी, अजून कुठं पट्टी लावली ते आत्ताच सांगा. उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं!"

"भोंग्यावर," मी म्हटलं. "बाळ दचकतं हो."