शिवाप्पाचा बैल

राजकारणावर भांडू नये म्हणणाऱ्यानं जिवाभावाचा दोस्त केलाच नसंल. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या इलेक्शनची गोष्ट सांगतो. साल दुष्काळाचं. माझा एकच बैल उरलेला, शेजारच्या शिवाप्पाचाबी एकच. म्हणून आम्ही सावड केली. दोघांचे बैल एका गाडीला जुंपायचे, तीन कोसावरून पिंपभर पाणी आणायचं आन् निम्मं निम्मं वाटून घ्यायचं.

एक दिवस भरली गाडी घेऊन येत होतो. शिवाप्पा म्हणला, "जिल्हा आमच्या सायबानं आणला."

मी म्हणलो, "तुमचा सायब तवा झोपला होता. आमच्या पुढाऱ्यानं आणला."

त्यानं गाडी थांबवली, आपला बैल सोडला. "मग पाणीबी त्यालाच आणाय सांग."

मीबी हट्टी. त्याच्या बैलाच्या जागी जुवाखाली माझाच खांदा दिला. दहा पावलं गेलो न्हाई, तर गाडी कलंडाय लागली, पाणी सांडाय लागलं.

शिवाप्पा बैल घेऊन पळत आला. माझी मान धरून जुवाखालून वढून काढली आन् म्हणला, "सर बाजूला, म्हाद्या. तुमच्या पक्षाचा गडी जुंपला, तर माझ्या घरचं पाणीबी खड्ड्यात जाईल."