दोन भिंतींमधला कण

दोष तुमचा, सहादेवतात्या. थोडा सूर्याचा, थोडा माझ्या बापाचा, बाकी सगळा तुमचा — बसा की! मिरजगावहून श्रीरामपूरपर्यंत पंचायतीचा रेडिओ मांडीवर घेऊन आलात, आणि दुकानात मी दिसलो तर पाय मागं? इथं दुरुस्ती मीच करतो. आणा इकडं. हाच तो — बटण अजून माझ्याच तारेनं बांधलेलं हाय. हात लांब ठेवा, सोल्डरिंगचं तापलंय.

बहात्तरचा ऑगस्ट. पाऊस न्हाई, बातम्यांसाठी चावडीवर गाव गोळा झालेला — मी ढिलं बटण आवळलं आणि भर बारा वाजता रेडिओ गप्प. “आतला व्हॉल्व्ह, काचेचा दिवा, चोरला!” कोण ओरडलं? तुमी. सरपंच तुमीच ना! कॉलेजातलं पोरगं, त्याला व्हॉल्व्हची किंमत कळते, म्हणून तेच चोर. मागचं झाकण उघडा म्हणत हुतो. उघडलं? न्हाई. संध्याकाळी रेडिओ आपोआप बोलायला लागला, तर म्हणालात — भ्यालं, गुपचूप परत बसवला.

सूर्यावर स्फोट झाला हुता, तात्या. हसू नका, पुढं मासिकात छापून आलं, तारीख-वेळेसकट. स्फोटाचा झोत आठ मिनिटांत पोचला, त्यानं रेडिओच्या शॉर्टवेव्ह लहरी गिळल्या. सूर्याचे कण मागून येतात — आणि त्यांना एवढा जोर कुठून येतो? ऐका. दोन दिवस आधी सूर्यानं एक चुंबकी ढग सोडलेला, आता त्याच्यामागं दुसरा, पिसाट. ह्या दोन भिंती, मधे कण सापडला. पुढच्या भिंतीनं मागं फेकला, मागचीनं पुढं — भिंती जवळ येतायत, येरझाऱ्या वाढतायत, टोल्यागणिक वेग वाढतोय — शेवटी असा सुटतो की वाटेत येईल त्यातून आरपार.

एका बाजूनं तुमी, दुसऱ्या बाजूनं बाप. तुमी ढकलायचं, त्यानं कानाखाली हाणायचं, परत तुमच्याकडं. “चोराला शिकवत न्हाई” म्हणाला, कॉलेज बंद. सुटलो मी. लगेच न्हाई — दोन दिवस स्टँडवर बसून हुतो, कुणी न्यायला येईल म्हणून — जाऊ द्या.

सूर्य हे पुन्हा करणार हाय. कधी, कुणाला ठाऊक न्हाई. त्या दिवशी कुणाचं पोरगं धराल?

काय? बाप? काय म्हणाला बाप — तिकडून नका बोलू, या बाजूला या — नकोच. उठा. रेडिओ बुधवारी न्या.

डाव्या कानानं मला त्या दिवसापासून ऐकू येत न्हाई.