हाताला बसणारं पिस्तूल

हसू नका यार, पण आमच्या घरात पिस्तूल मीच आणलं होतं. शेजारी भरदिवसा घरफोडी झाली आणि मेघना, माझी बायको, दिवसभर घरून काम करते. म्हणून तिला घेऊन इथे अमेरिकेत, रेडमंडजवळच्या एका गन शॉपमध्ये गेलो.

तिचे हात लहान. तिसरं पिस्तूल तिनं उचललं तेव्हा काउंटरवरचा म्हातारा म्हणाला, "हेच घ्या. मूठ बारीक आहे, ट्रिगर हलका. जोर लावावा लागणार नाही."

मला वाटलं, झालं काम.

दसऱ्याला मी पाटावर दोघांचे लॅपटॉप मांडले, गाडीच्या किल्ल्या ठेवल्या आणि शेवटी पिस्तूल.

मेघना म्हणाली, "ते नको ठेवूस रे."

"अगं, शस्त्रपूजा ना? गोळ्यांचं मॅगझिन काढलंय मी. रिकामं आहे."

मी काडेपेटी शोधायला वळलो, तर मागून आमची आठ वर्षांची ईशा ओरडली, "बाबा, लुक! इट फिट्स मी!"

पिस्तूल तिच्या मुठीत होतं, बोट ट्रिगरवर, आणि नळी आईच्या पोटाकडे.

मेघनानं एका हातानं नळी बाजूला सारली, दुसऱ्यानं पिस्तूल काढून घेतलं आणि पिस्तूल चालवायच्या क्लासमध्ये शिकवलं होतं तसा त्याचा वरचा भाग मागे ओढला. आत राहिलेली एक गोळी टणकन पूजेच्या ताटात पडली.

त्यानंतर आरती झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल परत करायला गेलो. म्हाताऱ्यानं विचारलं, "का? बायकोच्या हाताला बसलं नाही?"

म्हटलं, "बसलं. मुलीच्याही बसलं."